कशाच्या मानाने?

त्याला "कसा आहेस?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो थांबायचा, चष्मा वर सरकवायचा आणि म्हणायचा, "कशाच्या मानाने?"

सकाळी फॅक्टरीच्या गेटवर सायकलींची ही गर्दी, मागचे लोक घंट्या वाजवून राहिलेत, आणि हा गृहस्थ हँडल धरून उभा. "कालच्या मानाने बरा आहे. दिवाळीच्या मानाने गुडघा दुखतो. लग्नाच्या वेळच्या मानाने विचारत असशील तर बाजूला ये, सांगतो." आता बोला! लोक हसायचे. मीही हसायचो, पण ते वरवरचं. मी त्याच्यावर जळत होतो. तो जाऊन वर्ष झालं, तरी ती आग पुरती विझलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काही वाकडं बोललो तर ते त्या खात्यात टाका.

आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, एकाच खोलीत, गेज-रूममध्ये. गेज म्हणजे माप तपासायचा पोलादी तुकडा. कारखान्यातल्या सुट्या भागाचं भोक बरोबर आहे की नाही, ते पाहायला गेज त्यात घालायचा. बसला तर माल पास. पण दिवसभर घालून-काढून गेज स्वतःच झिजतो, आणि झिजलेला गेज चुकीचा मालही खुशाल पास करतो. कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून एक मास्टर गेज असतो. त्याला कामाला लावत नाहीत. तेल लावून, कापडात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतात आणि बाकीचे गेज अधूनमधून त्याच्याशी ताडून पाहतात. त्या पेटीच्या कपाटाची किल्ली साहेबांनी त्याला दिली.

माझे वडील याच फॅक्टरीतले. माझा जन्म इथलाच, रांझीतल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधला. आणि हा वर्ध्याकडून एक ट्रंक घेऊन आलेला माणूस. किल्ली त्याला! काहून? मी साहेबांना विचारलं नाही, पण त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

एकदा मला घाई होती, म्हणून मी नवा आलेला गेज कामावरच्या जुन्या गेजशी ताडला आणि पास करून टाकला. दोन्ही अगदी सारखे. त्यानं ते पाहिलं. ओरडला वगैरे नाही. पेटी उघडली, मास्टर काढला, आणि दोन्ही गेज माझ्यासमोर लावून दाखवले. दोन्ही चुकीचे. नवा गेज बनवणाऱ्यानं तो जुन्या झिजलेल्याच्याच मापानं बनवला होता.

"सारखे आहेत, मान्य," तो म्हणाला. "पण कशाच्या मानाने?"

मग त्यानं दोन्ही गेजना ब्रशनं लाल ठिपका लावला. लाल म्हणजे नापास. नापास गेज फेकायचा नाही, ठिपका लावून फळीवर ठेवायचा, असा त्याचा नियम होता. "फेकला तर चूक झाली होती हेच विसरून जाऊ आपण." साहेबांना त्यानं माझं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान उघडपणे भांडता आलं असतं.

घरीही तेच. महिन्यातून दोनदा तरी तो आमच्याकडे जेवायला असायचा. बायको विचारायची, "भाऊजी, भाजी कशी झाली?" मी मनात म्हणायचो, आता झालं सुरू. पण तो डोळे मिटून घास चावायचा आणि म्हणायचा, "पोळ्याला केली होती ना वहिनी तुम्ही, त्याच्या मानाने मीठ बरोबर आहे. पण त्या वेळी कढीपत्ता ताजा होता." बायको असली खूश व्हायची! पुढचे चार दिवस मला ऐकवायची, "बघा, लक्षात ठेवतात माणसं." मी लग्न झाल्यापासून रोज तिच्या हातचं खाऊन राहिलो होतो आणि रोज "ठीक आहे" म्हणत होतो. माझी जीभ काय गहाण पडली होती? पण मला खरंच आठवायचं नाही. कालची भाजी आजच्या भाजीनं पुसली जायची.

नागपूरला जाताना नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर बस आली की हा सीटवरून उठून उभा राहायचा. बाकीचे लोक हात जोडून मोकळे होत. हा हात जोडून, मान वाकडी करून खाली पाहायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "मैया, तब्येत उतरली तुझी." एकदा कंडक्टर चिडला. "बैठो भैया, नर्मदाजी तो हमेशा से ऐसी ही हैं." यानं त्याला विचारलं, "तुम कब से हो इस लाइन पर?" कंडक्टर म्हणाला, सहा वर्षं. "तो फिर तुम्हारे लिए सही है," हा म्हणाला आणि बसला. पूर्ण बस हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. लाज त्याची वाटत होती असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे, मीही जन्मापासून तो पूल ओलांडत होतो, आणि मला नदी दर वेळी तेवढीच दिसत होती.

पण विहिरीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस कळणार नाही, आणि मीही.

आमच्या क्वार्टरच्या लाईनीमागे एक दगडी विहीर होती. पुढे नळ आले, तरी अक्षय तृतीयेला लाईनीतली सगळी मराठी घरं पितरांची घागर विहिरीवरच भरायची. पितरांना नळाचं पाणी कसं द्यायचं, असं बायकांचं म्हणणं. विहिरीचा दोर माझ्या वडिलांकडे असायचा. दरवर्षी ते नवा दोर आणायचे, जुना अंगणात पसरायचे, त्याला लावून नवा कापायचे आणि वर गाठीसाठी हातभर जास्त ठेवायचे. लहानपणापासून मी ते पाहत आलो. दोर किती लागतो, असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "नेहमीचाच."

हा लाईनीत राहायला आला त्या वर्षी त्यानं ओट्यावर बसून ते दोर कापणं पाहिलं. पाहता पाहता उठला, आणि माझ्या वडिलांना, माझ्यासमोर, म्हणाला, "काका, तुम्ही चालू गेजनं गेज बनवून राहिलात."

मला वाटलं, आता बाबा याला हाकलणार. बाबांच्या हातातला कोयता थांबला. ते जुन्या दोराकडे पाहत राहिले, मग विहिरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "अरे खरंच की. दरवर्षी हातभर. आणि गाठ मारून दोर कधीच उरत नाही. म्हणजे पाणीच खाली जाऊन राहिलं."

त्या दिवसापासून माझे वडील त्याचे झाले. मला दुसरे शब्द सापडत नाहीत.

यानं बारीक पोलादी तार आणली. टोकाला गवंड्याचा पितळी ओळंबा लावला. दर अक्षय तृतीयेला ओळंबा पाण्याला टेकेपर्यंत तार सोडायची, आणि विहिरीच्या कठड्यापाशी तार जिथं येईल तिथं एक बारीक पितळी कडी पक्कडीनं दाबून बसवायची. एका वर्षाची एक कडी. बाकी वर्षभर तार तेल लावून त्याच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली. दोर हा कामाचा, तार ही मास्टर.

मी त्याला पकडायला पाहायचो. म्हटलं, "तिथी मागे-पुढे होते. तारखेला मोज ना, शहाणा असशील तर."

"तारखेला मोजलं तर विहिरीवर मी एकटाच असेन," तो म्हणाला. "वेडा ठरीन. तिथीला सगळी लाईन घागर घेऊन उभी असते. साक्षीदार नकोत काय?"

पुढे पुढे तो माणसंही कड्यांवरून ओळखायला लागला. नवीन बिऱ्हाड आलं, बाईनं विहिरीत डोकावून म्हटलं, "अय्या, किती पाणी आहे!" की हा म्हणायचा, "तुम्ही सातव्या कडीच्या. तुम्हाला वाटणारच." आठ वर्षांनी तीच बाई "पहिले किती पाणी होतं" म्हणून हळहळली, तर याच्या मते तिचं "पहिले" सातव्या कडीपाशीच संपत होतं. ज्याची जी कडी, तिथून त्याचं भरलेपण सुरू. एकदा मी म्हणालो, "माझ्या लहानपणी विहीर अशीच होती. मी इथला आहे, तू नाहीस."

"तू इथला आहेस, म्हणूनच तुला दिसत नाही," तो म्हणाला. "काकांना विचार."

काकांना! माझ्या बापाला मी विचारायचं, याच्या सांगण्यावरून! मी नाही विचारलं. दर रविवारी हाच आमच्या ओट्यावर वही घेऊन बसायचा आणि बाबा सांगत राहायचे. ओटा माझा, बाप माझा, चहा माझ्या घरचा. मी आत वर्तमानपत्र धरून बसायचो. बाबांचं हसणं ऐकू यायचं. माझ्याशी ते असं हसत नव्हते. ते काही जुनं सांगायला लागले की मी "हो हो, माहीत आहे" म्हणून उठायचो, हेही खरं.

बाबा गेले ते थंडीत. तेराव्याला लोक बसले होते, कुणीतरी बाबांचा विषय काढला आणि हा सांगायला लागला. बाबा नवे नवे नोकरीला लागले तेव्हा विहीर पावसाळ्यात इतकी भरायची की कठड्यावर पोट टेकवून, दोराशिवाय, हातानं लोटा बुडवता यायचा. एकदा असाच लोटा बुडवताना बाबांचं लग्नातलं घड्याळ मनगटावरून सुटलं, पाण्यात गेलं, आणि आईला कळू नये म्हणून ते महिनाभर फुल बाह्यांचा शर्ट घालत होते. सगळे हसले. माझी बायको हसता हसता डोळे पुसायला लागली. मला ही गोष्ट माहीत नव्हती. माझ्या बापाची गोष्ट, माझ्या घरात, त्याच्या तेराव्याला, एक परका माणूस सांगतो आणि मी इतरांसोबत ती पहिल्यांदा ऐकतो. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सुरू करून उभा राहिलो. रडू येत नव्हतं. नुसता संताप येत होता.

त्याच दिवसांत मागच्या प्लॉटवर मैरिज गार्डन, म्हणजे लग्नासाठी भाड्यानं द्यायचं लॉन आणि हॉल, व्हायचं होतं. मालक खोल बोअर मारणार होता, त्याला लाईनीची हरकत नको होती. बदल्यात गणपतीला आणि हळदीकुंकवाला हॉल फुकट. अर्ध्या लाईनीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. कडुलिंबाखाली बैठक झाली. हा उभा राहिला आणि म्हणाला, "अक्षय तृतीयेला मोजू. विहीर यंदाही उतरली असेल तर बोअरला नाही म्हणायचं. नसेल उतरली तर मी पहिली सही करतो." सगळ्यांना पटलं. तार खोटं बोलत नाही, एवढं तोवर सगळ्यांना मान्य होतं.

आणि अक्षय तृतीयेच्या आठवडाभर आधी त्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलानं नागपूरला नेलं. जाण्याआधी तो आमच्याकडे आला. तार, एक कोरी कडी आणि पक्कड माझ्या हातात दिली.

"तू मोज," म्हणाला. "गेज-रूमचा माणूस आहेस. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

सगळ्या आयुष्यात त्यानं मला किल्ली दिली ती ही एकदाच.

अक्षय तृतीयेच्या सकाळी सगळे विहिरीवर होते. आमच्या घरून बाबांची पहिली घागर होती. मी ओळंबा सोडला. मागच्या वर्षीची कडी कठड्यावरून खाली गेली, आत दिसेनाशी झाली, आणि मग कुठे ओळंबा पाण्याला टेकला. दीड हातानं पाणी उतरलं होतं. लोक घागरी धरून माझ्याकडे पाहत होते. आणि मला दिसत काय होतं? तो परत येणार, सगळे म्हणणार, पाहा, बरोबर बोलत होते, आणि माझ्या बापाच्या विहिरीवर पुन्हा त्याचाच जयजयकार. मी तार वर ओढली. मागच्या वर्षीची कडी हाताशी आली. तिला चिकटून मी नवी कडी बसवली आणि पक्कड दाबली.

"मागच्या वर्षाइतकंच!" मी ओरडून सांगितलं. "नॉर्मल आहे."

बायका म्हणाल्या, "चलो, उगाच घाबरवून राहिले होते." कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग त्याच पाण्यानं मी बाबांची घागर भरली आणि घरी नेऊन पाटावर ठेवली.

तो परत आला, डोळ्याला हिरवी पट्टी. मी म्हटलं, "तेवढंच आहे." मला वाटलं, आता हा तार मागेल, विहिरीवर जाईल, पुन्हा मोजेल. जो माणूस मास्टर गेजसुद्धा वर्षातून एकदा बाहेर तपासायला पाठवायचा, तो माझं माप तसंच कसं घेईल? तो म्हणाला, "तू मोजलंस ना? मग झालं." आणि कडुलिंबाखाली जाऊन ना-हरकतीच्या कागदावर पहिली सही त्यानं केली.

पुढच्या अक्षय तृतीयेला त्यानं स्वतः मोजलं. पाणी चार हात खाली. मी कठड्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. माप एकदम एवढं घसरलं तर मागची नोंद तपासा, हे गेज-रूममध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. त्यानं त्या दोन चिकटलेल्या कड्यांवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहून विचारलं, "ओळंबा टेकला होता ना रे पाण्याला?"

"टेकला होता," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि नवी कडी दाबली. त्याच्या पुढच्या वर्षी ओळंबा गाळात रुतला. बोअर चालूच होता. विहिरीवर लोखंडी जाळी बसली, पितरांना नळाचं पाणी चालायला लागलं, आणि रिटायर होऊन तो मुलाकडे नागपूरला गेला. नंतरच्या फोनवरही मी विचारायचो, कसा आहेस, आणि तो विचारायचा, कशाच्या मानाने.

तो गेल्यावर त्याच्या मुलानं बसनं एक पार्सल पाठवलं. वर त्याच्या अक्षरात माझं नाव. बायकोनं उघडलं. आत तार होती, तेल लावलेली, कापडात गुंडाळलेली. सोबत बाबांच्या आठवणींची वही. मी तार हातात घेऊन एकेक कडी सरकवत गेलो. सगळ्या पिवळ्या. त्या दोन चिकटलेल्यांपैकी दुसरीवर बारीक ब्रशनं लावलेला लाल ठिपका.

रंग जुना होता. कडांना उडालेला. म्हणजे ही ठिपका लावायची गोष्ट त्यानं कड्यांवरून अंगठा फिरवला त्याच वर्षी झाली असणार. त्यानंतरही तो आमच्याकडे जेवला, वहिनींच्या भाजीची तुलना करत राहिला, माझ्या मुलीच्या लग्नात पंगत वाढायला उभा राहिला. सगळं माहीत असून. मला माफ केलं म्हणून गप्प होता, की नापास माल फळीवर ठेवतात तसं मला ठेवलं होतं, कोण जाणे! आणि माझं मन किती हलकट, तर तेव्हाही मला पहिलं वाटलं ते हेच, की एवढं गप्प राहणंही यालाच जमलं.

मागच्या महिन्यात कॉलेजातली एक प्राध्यापिका आली. रांझीतल्या जुन्या विहिरींची माहिती गोळा करते. घरची मराठी, पण बोलते हिंदीत. तिला वाटत होतं, आमची विहीर पहिलेपासून कोरडीच. शेजारच्या नव्या बिऱ्हाडानं तसंच सांगितलं होतं, आणि त्यांचं चुकलंही नाही, त्यांनी जाळीच पाहिली आहे. मी वही तिच्यापुढे ठेवली. आता माझ्या घरी खिळ्याला टांगलेली तार काढून फरशीवर पसरली. ती टेप घेऊन गुडघ्यांवर बसली आणि कडी कडी मोजत निघाली. प्रत्येक कडीपुढे अंतर लिहायची, आणि मोजणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव. दर ओळीला त्याचं नाव. मी वर खुर्चीत बसून पाहत होतो, आणि ते जुनं ओळखीचं काहीतरी छातीत टोचत होतं.

लाल ठिपक्याशी ती थांबली.

"काका, ये तो बिलकुल पिछलीवाली से चिपकी है. और रेड मार्क भी है. ये साल अच्छा रहा होगा ना?"

"कशाच्या मानाने?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं टेप धरूनच वर पाहिलं. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. बायको दारात येऊन उभी राहिली. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

"ती कडी खोटी आहे, दीदी," मी म्हटलं. "पाणी दीड हात खाली होतं. त्या एका कडीवर बोअरला मंजुरी मिळाली. लिहून घ्या."

तिनं सावकाश लिहून घेतलं. बायको पदराला हात पुसत राहिली. मग त्या दीदीनं पेन पुढच्या रकान्यावर नेलं, सवयीनं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, आणि मी तिचा हात थांबवला.

"ते नाव खोडा," मी म्हटलं, आणि तिला माझं नाव सांगितलं. आडनावासकट.